पहिल्या रविवारची पत्रं

४ ऑक्टोबर, सोमवार

मला गोवर आला होता तेव्हाची गोष्ट. होस्टेलमधल्या आजारी मुलींच्या खोलीत पडदे ओढून मला निजवलं होतं. डोळ्यांवर उजेड पडू द्यायचा नाही, अशी सिस्टरची ताकीद. ताई दाराबाहेर स्टुलावर बसायची आणि फटीतून मला पुस्तक वाचून दाखवायची. एका कुत्र्याची गोष्ट होती. शेवटी तो नदी पोहून घरी येतो. दोन वर्षांनी तेच पुस्तक माझ्या हाती लागलं, तर त्यात कुत्रा बुडतो. ताईला विचारलं. म्हणाली, "तुला ताप होता." एवढंच.

आज हे का आठवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. ताईचा नंबर लागला. शनिवारी तिला चष्मा मिळणार — दिसण्याचा नव्हे, सांगणारा. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता सात वर्षं होतील. हा चष्मा समोर जे असेल ते बोलून दाखवतो. पाट्या, माणसं, औषधाच्या बाटल्या. कागद.

ताई इतकी खूश झाली की दुपारी तिने दोनदा चहा मागितला.

मी दोन्हीदा साखर घालायला विसरले.


७ ऑक्टोबर, गुरुवार

कुठेतरी एकदा लिहून ठेवते. इथे नाही तर कुठे.

होस्टेलमध्ये नियम होता: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरी पत्र. आम्ही दोघी त्या नियमात वाढलो. पुढे ताईने तो बंड्याला लावला. बंड्या म्हणजे तिचा एकुलता एक, माझा भाचा, आता अठ्ठेचाळीस वर्षांचा. परदेशातल्या एका बंदरात शीतगृहाची यंत्रं सांभाळतो. फोन करो न करो, पहिल्या रविवारी त्याचं पत्र ताईच्या हातात हवं, आणि तो इमानाने लिहायचा. ताईची नजर अधू झाल्यावर चहानंतर मी मोठ्याने वाचायची.

सहा वर्षांपूर्वी भावोजी गेले, त्यानंतर त्याची पत्रं थांबली, फोनही.

ताई विचारायची, "आलं का गं?" दोन रविवार मी "नाही" म्हटलं. तिसऱ्या रविवारी म्हटलं, "आलं."

तेव्हापासून दर महिन्याला येतं. फोन का नाही, तेही मीच पत्रात लिहिलं. गेल्या रविवारचं धरून त्र्याहत्तर. मी एकतीस वर्षं जहाज कंपनीच्या ऑफिसात स्टेनो होते. साहेब जे बोलले नाहीत ते कागदावर येता कामा नये, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. आणि आता हे.

पहिलं पत्र नुसतं तोंडाने रचलं, तर ताई पुढच्याच महिन्यात म्हणाली, "गेल्या वेळचं पुन्हा वाच." तारांबळ उडाली. तेही मग उतरवून काढलं. तेव्हापासून आदल्या दिवशी पत्राच्या पातळ कागदावर उतरवून ठेवते. शॉर्टहँडमध्ये. हाताला तीच सवय. आणि वाटायचं, कोणी बघितलं तरी कळणार नाही. वाचून झालं की ताई कागद मागून घेते, बोटांनी घड्या सरळ करते आणि डब्यात ठेवते. डब्यात तळाला त्याची खरी पत्रं आहेत. वर माझी.


९ ऑक्टोबर, शनिवार

चष्मा आला.

दवाखान्यात पूर्वी काउंटरवर तिघी असायच्या. आता एक कॉम्प्युटरचा पडदा आणि एकच मुलगी, तीही पडद्याने सांगितल्यावर आतून येते. गोड आहे पण. ताईला चष्मा घातला आणि माझ्याकडे वळवलं. "आजी, या कोण ते त्याला सांगा, मग तो ओळखेल."

ताई म्हणाली, "ही माझी धाकटी."

चष्मा म्हणाला, "समोर धाकटी आहे. हातात पिशवी आहे. थकलेली दिसते आहे."

"थकलीयस?" ताई म्हणाली. "मला बोलली नाहीस."

मी त्या मुलीला हळूच विचारलं, काही कागद वाचू नकोस, असं त्याला सांगता येतं का. तिला वाटलं, बँकेच्या कागदांचं म्हणते आहे. "येतं ना. पण ज्यांचा चष्मा त्यांनीच सांगायचं. दुसऱ्याचं तो ऐकत नाही. काही लपवतही नाही, त्यासाठीच तर केलाय."

ताईने त्या आवाजाचं नाव सिस्टर ठेवलं आहे. म्हणते, होस्टेलातल्या सिस्टरसारखाच ठाम आहे, आणि तसाच कुणाची गय न करणारा.


१० ऑक्टोबर, रविवार

घरभर फिरली. सिस्टर सांगत गेली, ताई ऐकत गेली. भिंतीला ओल आलेली. गादीचं टाके घातलेलं कव्हर. माझ्या स्वेटरला कोपरावर ठिगळ. हे सगळं मी सात वर्षं तिला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठारात तिने जन्म काढला. चादर बोटात धरली की किती धुण्यांची आहे ते सांगायची. तिला फाटकं खपत नाही.

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी चष्मा बघायला आले. जवळ येऊन उभे राहिले, छाती काढून. सिस्टर म्हणाली, "एक वृद्ध गृहस्थ आहेत. शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे."

घड्याळजी म्हणाले, "ताई, बायको गेल्यापासून मला एवढं खरं कोणी बोललं नव्हतं."

हसलो तिघंही. मी सगळ्यात जास्त.


१२ ऑक्टोबर, मंगळवार

पुढचा पहिला रविवार सात नोव्हेंबरला. त्या दिवशी ताई म्हणणार, आण इकडे, मीच वाचते.

सरळ अक्षरात लिहावं तर माझं अक्षर ती ओळखणार नाही, पण सिस्टर "बाईचं वळण" म्हणायलाही कमी करणार नाही. टाइप करावं. मजकूर सुचेना म्हणून फोनवरच्या मदतनिसाला सांगितलं — बंदरावर काम करणारा मुलगा, आई आंधळी, पत्र हवं. मी माझा चष्मा पुसून होईपर्यंत समोर पत्र. "आई, तुझ्या हातांची ऊब मला इथल्या थंडीतही जाणवते."

बंड्या असं या जन्मात लिहिणार नाही. त्याचं पत्र म्हणजे — दाढ काढली, नवीन कॉम्प्रेसर आला, खोलीच्या मालकिणीचं मांजर व्यालं. मी ते कसं लिहायचं ते शिकले होते. सहा वर्षं लागली.

पुसून टाकलं. पण वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही खरं. त्याचीच लाज वाटली.


१३ ऑक्टोबर, बुधवार

ही वही उशीखाली ठेवून चालणार नाही आता. पिठाच्या डब्यामागे ठेवली.


१६ ऑक्टोबर, शनिवार

झालं.

मी बँकेत गेले होते. तिथेही आता माणूस नाही, त्यामुळे अंगठा जुळेना तर सांगायचं कोणाला. दीड तास गेला. घरी आले तर ताई जेवणाच्या टेबलाशी. डबा उघडा. कागदांचे दोन गठ्ठे, कडा जुळवून, चादरींसारखे.

एक कागद डोळ्यांसमोर धरलेला. सिस्टर म्हणत होती, "कागदावर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. मजकूर सापडत नाही."

ताईने तो खाली ठेवला. दुसरा उचलला.

"कागदावर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. मजकूर सापडत नाही."

मी दारातच उभी. मला वाटलं, ही त्र्याहत्तर वेळा ऐकणार.

"ये आत," ताई म्हणाली. "तळाची त्याची सगळी वाचून दाखवली हिने. शेवटचं तुझे भावोजी गेले त्या महिन्यातलं आहे. त्याच्यावर नुसत्या रेघा." मग म्हणाली, "धाकटे, बंड्या शॉर्टहँड कधी शिकला?"

खाली बसले. सांगितलं. त्याची पत्रं थांबली, तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मी सांगायची ती उत्तरं?"

"एक पाठवलं होतं. पत्ता बदलला म्हणून परत आलं. बाकीची नाही."

"तो लिहायचा का थांबला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. मी म्हटलं, "मला काय माहीत."


१७ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिताना हात थांबला. आज लिहिते, नाही तर कधीच लिहिणार नाही.

भावोजी इस्पितळात एकोणीस दिवस होते. ताईच्या डोळ्यांचा ठणका थांबवायचं ऑपरेशन त्याच महिन्यात, म्हणून उशाशी मीच असायची. सकाळ-संध्याकाळ ते एकच विचारायचे, "बंड्या निघाला का?" बंड्या लिहायचा, रजा मिळत नाही. ते गेले. तो मातीलाही आला नाही. आठ दिवसांनी पत्र आलं, त्यात अर्धं पान रजेचं आणि कॉम्प्रेसरचं.

माझं डोकं फिरलं. बँकेच्या कामासाठी ताईच्या सह्या घेतलेले कोरे कागद माझ्याकडे असायचे. त्यातला एक टाइपरायटरला लावला आणि टाइप केलं — ताईच्या नावाने. इकडे येऊ नकोस, लिहू नकोस.

पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि घरी येऊन शांत झोपले. हे सगळ्यात वाईट. शांत झोपले.

महिन्याभराने राग गेला. तोवर तो पत्ता सोडून निघून गेला होता.


१८ ऑक्टोबर, सोमवार

ताईने सिस्टरला सांगितलं, "माझ्या मुलाला शोध."

नाव, जन्मसाल, काम विचारलं. मी भांडी घासत होते. पाच-सहा ताटं झाली असतील. सिस्टर म्हणाली, "त्या नावाचे तिघे सापडले. त्यातले एक बंदरावर शीतगृहात पर्यवेक्षक आहेत. निरोप पाठवू?"

सहा वर्षांत मला जे जमलं नाही ते पाच-सहा ताटांत.

किती मनापासून शोधलं होतं मी? एक पत्र परत आलं आणि मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

ताईने स्वतःच्या आवाजात निरोप भरला. "बंड्या, आई बोलते आहे. रागावला असशील तर काय म्हणून रागावलास ते तरी सांग." बस. मग मला म्हणाली, "चहा टाक."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. गॅस पेटवेपर्यंत वेळ होता.


१९ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर नाही. ताई चष्मा काढायला तयार नाही. जेवताना घास तोंडाकडे नेते आणि मध्येच थांबून ऐकते.


२१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी अकराला आलं. आवाजात नाही, लिहून. सिस्टरने वाचलं. मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते तर माझं कामच होतं.

"आई, तुझा आवाज तीनदा ऐकला. बाबांच्या वेळी मी आलो नाही, ते चुकलं. रजेचं खरं होतं, पण मी घाबरलोही होतो. त्याची शिक्षा मी भोगली, असं समजत होतो. आता तूच विचारतेस की का रागावलास. रागावलो नाही. तू सांगितलंस तसं वागलो. तुझ्या सहीचं पत्र अजून माझ्याकडे आहे. फोटो जोडतो."

सिस्टर म्हणाली, "सोबत टाइप केलेल्या पत्राचा फोटो आहे. वाचू?"

मी म्हटलं, "नको."

सिस्टर गप्प राहिली. माझं ऐकून नव्हे. ती ताईची वाट बघत होती.

"वाच," ताई म्हणाली.

"बाप गेला आणि तुला सवड झाली नाही. आता माझ्यासाठीही ती काढू नकोस. तुझं पत्र यापुढे उघडलं जाणार नाही. आपला संबंध संपला आहे. हा निर्णय अंतिम समजावा. आई."

एवढ्या सरळ, एवढ्या स्वच्छ आवाजात माझी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.

"निर्णय अंतिम समजावा," ताई हळूच म्हणाली. असलं वाक्य तिने जन्मात उच्चारलेलं नाही. तिला तिथेच कळलं. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे तोंड केलं आणि मला नाही, सिस्टरला विचारलं, "समोर कोण आहे?"

"समोर धाकटी आहे. भिंतीला टेकून उभी आहे. रडते आहे."

सात वर्षं मी या घरात तिच्यासमोर मन मोकळं करून रडत आले, आवाज न करता. तिला कळत नाही म्हणून.

"रडू दे," ताई म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला.


२२ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलली नाही.


२४ ऑक्टोबर, रविवार

बोलली नाही. औषधाची बाटली सिस्टरला विचारून घेतली. माझ्या हातून पाण्याचा पेला घेतला, पण हात लागू दिला नाही.

दुपारी बंड्याशी तिचं बोलणं झालं. मला ऐकवेना म्हणून जिन्यात जाऊन बसले. घड्याळजी भाजी घेऊन वर चालले होते. थांबले.

"काय हो, जिना मोजताय?"

कोणत्या तोंडाने सांगणार? तरी सांगितलं, सगळं. दोन पायऱ्या खाली बसून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं घड्याळं उघडली. लोक म्हणायचे, हात लावला नव्हता हो, आपोआप बंद पडलं. आत बोटांचे ठसे दिसायचे." उठले. पिशवीतून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला आणि गेले.

आत ताई रडत होती, की हसत होती, दारातून कळेना. मला सांगायला कोणी नव्हतं.


२७ ऑक्टोबर, बुधवार

बॅग भरली. चुलत बहिणीकडे विचारून ठेवलं आहे, तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. ताईची सोय लागेपर्यंत थांबायचं, मग निघायचं. घर ताईच्या नावावर आहे. मी भावोजी होते तेव्हापासून पाहुणीच. कोणी तसं कधी वागवलं नाही, ही गोष्ट वेगळी.


३१ ऑक्टोबर, रविवार

आज सकाळी ताई टेबलाशी येऊन बसली. चष्मा नव्हता. डबा पुढे सरकवला.

"वाच."

"काय?"

"त्या रेघोट्या. जगात एकट्या तुलाच वाचता येतात."

मला वाटलं, चिडवते आहे. नव्हती चिडवत. वाचायला घेतलं. तो दाढेचा महिना, मग मालकिणीचं मांजर, मग तो बर्फावर घसरून पडला आणि मनगटाला प्लॅस्टर घातलं, आणि ताईने इकडे दोन रात्री जेवण टाकलं होतं, ते.

"हे मनगट," ताई म्हणाली, "कशाला मोडलंस?"

"पत्र छोटं झालं होतं."

तिच्या तोंडाचा कोपरा हलला. मग कागद बोटांत घेऊन घडी सरळ करत राहिली.

"जो खरा होता तो सहा वर्षं आला नाही. खोटा दर महिन्याला यायचा," म्हणाली. "मी त्याला विचारलं, मनगट दुखतं का रे थंडीत? तर म्हणतो, कुठलं मनगट? इतकं परकं वाटलं मला. माझ्याच मुलाशी बोलताना. हे तू केलंस."

"हो."

"मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, सांगता येत नाही."

"हो."

"हो हो काय करतेस. पुढचं वाच."

अंधार पडेपर्यंत वाचलं. सव्वीस झाली.


४ नोव्हेंबर, गुरुवार

बंड्या रोज बोलतो. ताईने तिकडे येऊन राहावं म्हणतो. खोली तळमजल्यावर आहे, खिडकी बंदराकडे. तो म्हणाला, "तुला दिसणार नाही, पण भोंगे ऐकू येतील." सिस्टर तिकडची भाषाही समजावून सांगते, म्हणजे ताईचं अडणार नाही.

अडणार नाही — हे मला दिवसभर टोचत राहिलं. तिला आता वाचणारी नको, हात धरणारी नको. माझ्याशी बंड्या अजून एक शब्द बोललेला नाही, आणि त्याने का बोलावं?

बॅग पलंगाखालीच आहे.


७ नोव्हेंबर, रविवार

पहिला रविवार. चहानंतर ताई म्हणाली, "कागद-पेन्सिल आण. सिस्टरला नाही सांगायचं, तू उतरवून घे. आणि मी बोलेन तेवढंच लिहायचं." ताईने बंड्याकडे जायचं ठरवलं, घर विकायला निघालं आहे, तर सामान कोणाला काय, ते तिला पक्कं करायचं होतं. तिने सांगितलं तसंच्या तसं इथे उतरवते, सरळ अक्षरात, म्हणजे कोणालाही वाचता येईल.

शिवणाचं मशीन दवाखान्यातल्या मुलीला. तिला शिकायचं आहे, असं म्हणाली होती. तेल घालून द्यावं.

रेडिओ आणि दोन्ही आरामखुर्च्या घड्याळजींना. एकच मागतील, दोन्ही द्याव्यात.

जाड लोकरी पांघरुणं इस्पितळाच्या कोठारात. धुऊन, इस्त्री करून, चौघडी घालून.

काचेचं कपाट, पितळी दिवा, यांची छत्री चुलत बहिणीला. तिची मागची खोली आता लागणार नाही, असं तिला कळवावं.

धाकटीला काही नाही. ती माझ्याबरोबर येते आहे. बंड्याला दोन तिकिटं सांगितली आहेत. तो काही बोलला नाही, पण नाही म्हणाला नाही.